वेब्ली अँड स्कॉटची जुनी दुनळी, मॉडेल ७००

दोन वर्षांपूर्वी एका परवानाधारक गृहस्थांकडून ही बारा बोर दुनळी माझ्या परवान्यावर चढली. बर्मिंगहॅमच्या या कंपनीने १९७९ मध्ये बंदुका बनवणे थांबवले आणि आपल्याकडची आयातही बंद आहे, त्यामुळे चांगली विलायती बंदूक आता एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरते, एवढेच. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला दोनच शस्त्रांची मुभा राहिल्यामुळे संग्रह करणाऱ्याला प्रत्येक निवड फार जपून करावी लागते.

मध्यस्थी करणाऱ्या विक्रेत्याने "सत्तरची काडतुसे बिनधास्त चालवा" असे सांगितले होते, म्हणजे सत्तर मिलिमीटर लांबीची. घरी नळ्या उतरवून बुडाच्या सपाट भागावरचे प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुकांची दाबचाचणी करणाऱ्या संस्थेचे ठसे भिंगातून पाहिले, तेव्हा तिथे ०.७२९ (नळीचा आतला व्यास, इंचांत), २½ इंच (काडतुसाच्या घराची लांबी) आणि ३ टन (दाब, दर चौरस इंचाला) असे स्पष्ट कोरलेले आढळले. म्हणजे हिचे काडतुसाचे घर पासष्ट मिलिमीटरचे. काडतुसाची लांबी ते उडून तोंड उघडल्यानंतरची धरतात, म्हणून सत्तरचे काडतूस अशा घरात सहज बसते. मात्र उडताना त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते आणि दाब वाढतो. जुन्या बंदुकीच्या बाबतीत विक्रेत्याचा शब्द नव्हे, ठसा प्रमाण मानावा, आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या शक्तिमान काडतुसांची पेटी घेतानाही खोक्यावरची लांबी वाचूनच घ्यावी.

बंदूक म्हणून मात्र ही मला मनापासून आवडते. आतली रचना अँसन आणि डीली यांनी १८७५ मध्ये काढलेली आहे: नळ्या खाली वाकवल्या की त्याच जोरावर आतले दोन्ही घोडे चढतात. सुटे भाग मोजकेच असल्यामुळे बिघडण्यासारखे फार थोडे उरते. ७०१ आणि ७०२ या भावंडांवर कोरीवकाम अधिक आहे. ७०० साधी, पण तिचे वजन दोन्ही हातांत असे सारखे वाटले जाते की खांद्याला लावताना ती आपोआप जागेवर येते. नळ्या उतरवून आकड्याला टांगल्या आणि लाकडी दांडीने हलकेच वाजवल्या, तर घंटेसारखा लांबलेला नाद येतो, यावरून मधल्या पट्टीचा झाळ शाबूत असल्याचे कळते. नाद बद्द आला, तर किंमत कितीही कमी असो, ती बंदूक घेऊ नये.

उणिवा दोन. दस्त्याचे लाकूड लोखंडाला भिडते तिथे माझ्या बंदुकीला केसाएवढी चीर होती, कारण वर्षानुवर्षे तेल मुरून ते लाकूड मऊ पडले होते. शिवाय डाव्या नळीचा इजेक्टर सुस्त होता, उडालेले नळकांडे बाहेर न फेकता नुसते वर उचलत होता. दोन्ही कामे एका जुन्या कारागिराने केली, आणि आता दोन्ही नळकांडी एकदमच खांद्यामागे जाऊन पडतात.