मॅजिस्क काही महिने वापरल्यावर: रूट केलेला फोन सुरूच होत नाही तेव्हा

रूट केलेला, म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार मिळवलेला अँड्रॉइड फोन अडकला की खापर मॅजिस्क या रूट करणाऱ्या ॲपवर फुटतं. काही महिने वापरून माझं मत वेगळं झालंय: मॅजिस्क भरवशाचं आहे, घोळ घालतात ती मॉड्यूल्स (मॅजिस्कमध्ये घालायची जोड-पॅकेजेस) आणि अपडेटची घाई.

आधी फोन कुठे अडतो ते बघा. कंपनीच्या लोगोवरच थिजला किंवा आपोआप फास्टबूटमध्ये (लॅपटॉपवरून फोनमध्ये इमेज फ्लॅश करायचा, म्हणजे भरायचा मोड) गेला, तर बहुधा बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल, मॅजिस्क सहसा हीच पॅच करतं, म्हणजे बदलतं) किंवा व्हीबीमेटाची (इमेज अस्सल आहेत का हे तपासायची माहिती) भानगड. ॲनिमेशनच फिरत राहिलं तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चढलाय. संशय मॉड्यूलवर घ्या.

मॉड्यूलचं दुखणं सोपं. फोनला केबल लावून लॅपटॉपवरून एडीबी या फोनला कमांड देण्याच्या साधनाने 'एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स' ही कमांड द्या. सगळी मॉड्यूल्स उडून फोन रीबूट होतो. मात्र यूएसबी डीबगिंग चालू आणि लॅपटॉपला परवानगी आधीच दिलेली हवी. नसेल तर सेफ मोड. बऱ्याच फोनवर ॲनिमेशन सुरू होताच व्हॉल्यूम डाउन दाबून धरायचं. त्यानंतर मॉड्यूल्स बंदच राहतात, म्हणून एकेक चालू करून गुन्हेगार सापडतो. मला हीच पद्धत पसंत.

बूट इमेजच्या बाबतीत बिल्ड नंबर (सिस्टिमच्या आवृत्तीचा क्रमांक) तंतोतंत जुळायलाच हवा. जुन्या बिल्डची इमेज नव्या सिस्टिमवर चढवली की कधी लूप (फोन पुन्हा पुन्हा रीबूट), कधी फोन सुरू होऊनही वायफाय गायब, कारण कर्नल आणि त्याच्या ड्रायव्हर्सचं जुळत नाही. शिवाय अँड्रॉइड १३ किंवा पुढचं घेऊनच बाजारात आलेल्या फोनमध्ये सहसा बूटऐवजी इनिट_बूट ही वेगळी इमेज पॅच करायची असते. ती फाइल बूटमध्ये फ्लॅश केली तर फोन उठणार नाही. जुन्या फोनला १३ चं अपडेट मिळालं असेल, तर बूटच. दोन स्लॉटवाल्या (सिस्टिमच्या दोन प्रती ठेवणाऱ्या) फोनवर कोणता स्लॉट चालू आहे ते आधी 'फास्टबूट गेटव्हार करंट-स्लॉट' असं विचारा.

अशा फोनवर ओटीए (इंटरनेटवरून फोनवर थेट येणारं अपडेट) घेण्यापूर्वी मॅजिस्कमधून 'रीस्टोर इमेजेस', अपडेट उतरल्यावर रीस्टार्टच्या आधी 'इन्स्टॉल टू इनॅक्टिव्ह स्लॉट'. क्रम चुकला की रूट गेलं.

फास्टबूटला फोन दिसत नसेल तर केबल बदला. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या स्वस्त केबलींपैकी काहींत डेटाच्या तारा नसतात, फक्त चार्जिंग होतं, घेतानाच विचारा. फ्लॅशिंग लॅपटॉपवर, तोही चार्ज केलेला. गुरुवारी डेस्कटॉपवर तर नकोच, त्या दिवशी इथे दुरुस्तीसाठी वीज कधी जाईल सांगता येत नाही.

पॅच केलेली इमेज असताना बूटलोडर (फोन सुरू होताना सर्वात आधी चालणारा प्रोग्राम) पुन्हा लॉक करू नका. बरेच फोन मग सुरूच होत नाहीत, आणि लॉक असल्यामुळे फास्टबूटमधून काही फ्लॅशही करता येत नाही.