खिशातला बुटका पाइप: सहा महिने वापरून

आठवड्यातले चार दिवस माझे एसटीत आणि लॉजवर जातात. तंबाखू ओढायच्या घरच्या लांब पाइपाची दांडी बॅगेत दोनदा मोडली, तेव्हा हा बुटका ब्रायर घेतला. जेमतेम 10 सेंटिमीटर. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मावतो.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ. कठीण, आच सोसणारी. पण आच सोसते ती तंबाखू भरायची वाटी, आपली जीभ नव्हे! दांडी आखूड, त्यामुळे धूर निवायला जागाच नाही. भराभर ओढलं की चटका बसलाच. मिनिटाला दोन-तीन झुरके, बस्स. वाटी थेट नाकाखाली येते, वारा असला की डोळे चुरचुरतात. मिशीवाल्यांनी तर काडी जपूनच लावावी.

एक चूक माझीच. लॉजच्या गॅलरीत घाईघाईत गरम पाइपाचीच दांडी उपसली आणि सांधा कायमचा सैल झाला. आता मेणाचा बारीक थर लावून भागवतो.

दांडी ॲक्रिलिकची घ्या. व्हल्कनाइट (कडक केलेलं रबर) उन्हाने हिरवट-पिवळं पडतं. मक्याच्या कणसाचा पाइप याहून हलका आणि स्वस्त (अमेरिकेतल्या मिसूरीत 1869 पासून बनतात), पण माझ्या बॅगेत तो चेपलाच असता. विमानाने जायचं तर काडेपेटी, लायटर घरी ठेवा. उतरल्यावर टपरीवर मिळतं.

बायकोचं मत: सोडून दे. तिचं बरोबर आहे. पाइपाला मात्र माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.