मेकॅनिकल झडप की टिश्यू झडप?

रात्री पंखा बंद केला की माझ्या छातीतली टिकटिक बायकोलाही ऐकू येते. माझी हृदयातली महाधमनीची झडप मेकॅनिकल, कार्बनची. साडूंची टिश्यू, गाईच्या हृदयावरणापासून केलेली, एकदम गुपचूप. सकाळी दोघंही ठाण्याच्या तलावपाळीवर मासुंद्याच्या कडेने चालतो आणि चालण्यात फरक काहीच नाही. ऑपरेशननंतर छातीचं हाड जुळेपर्यंत जड उचलणं दोघांनाही बंद होतं. आता गप्पा मारता येतील एवढाच वेग, दम लागला की बाक.

खरा फरक गोळीचा. मला वॉरफरिन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, जन्मभर. आयएनआर, म्हणजे रक्त किती सावकाश गोठतं त्याचा आकडा, साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा, म्हणून रक्त तपासायला सारखी सुई. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा असर कमी होतो; पालक-मेथी वर्ज्य नाही, पण प्रमाण सारखं हवं. श्रावणात चार दिवस अळूचं फदफदं हाणलं आणि आकडा घसरला. डॉक्टरांनी झापलं ते वेगळंच. डोकं दुखलं म्हणून मनाने गोळी घ्यायची सोय नाही. लेदर बॉलचं क्रिकेट सोडलं, येऊरच्या चढावर सायकलही नको. पडलो तर रक्त लवकर थांबत नाही.

साडू येऊरला मजेत जातात. पण त्यांची झडप साधारण १० ते १५ वर्षांत झिजायची, मग पुन्हा नवी झडप. काहींना ती छाती न उघडता मांडीच्या धमनीतून बसवतात. ते अडुसष्ट वर्षांचे, त्यांना हा सौदा परवडतो. मी शेहेचाळीसचा होतो, दुसऱ्यांदा छाती उघडायची हौस नव्हती. टिकटिक पत्करली.

दाताच्या कामाआधी, झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, अँटिबायोटिक मात्र दोघांनाही.