यूट्यूब किड्स : कार्यक्रम भरपूर, शेवट मात्र आपणच लावायचा

२०१५ मध्ये आलेलं हे अ‍ॅप आज कितीतरी घरांत मुलांचा टीव्ही झालं आहे. त्यामुळे ते फुकट मिळतं, चित्रं मोठी आहेत, कमेंट दिसत नाहीत एवढ्यावर त्याला पास करता येणार नाही. मुलांच्या टीव्हीनं गेल्या काही पिढ्यांना जे दिलं ते इथे मिळतं का, हे पाहायला हवं. आमचं मत असं : अ‍ॅप उघडल्यावर जसं मिळतं तसं वापरायला देऊ नये. वीस मिनिटं खर्चून नीट लावलं, तर चांगलं आहे.

जुन्या बालकार्यक्रमांमागे किती मेहनत होती हे सहसा लक्षात येत नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी बालमालिकेच्या चाचण्यांत एका बाजूला कार्यक्रम आणि दुसऱ्या बाजूला साडेसात सेकंदांनी बदलणारी स्लाइड अशी मांडणी असे. मुलाची नजर कार्यक्रमावरून कधी हटते याची नोंद व्हायची. माणसांच्या प्रसंगांत मुलं रेंगाळत नाहीत हे त्यातूनच कळलं आणि आधी वेगळ्या प्रसंगांत ठेवलेल्या बाहुल्या मालिकेतल्या रस्त्यावर माणसांबरोबर आल्या. १९९६ च्या ‘ब्लूज क्लूज’ या दुसऱ्या अमेरिकी बालमालिकेनं एकच भाग सलग पाच दिवस दाखवला. मोठ्यांना हा वेडेपणा वाटेल, पण पुन्हा पाहताना मुलांना भाग जास्त समजत होता आणि ती पडद्याला मोठ्यानं उत्तरं देत होती. उत्तरासाठी मध्ये शांत जागा मुद्दाम ठेवलेली असे.

आणखी एक गोष्ट कुणी ठरवून दिली नव्हती, ती वेळापत्रकामुळे आपोआप मिळाली. कार्यक्रम संपायचा. आधीच्या पिढीला दिवसातून थोडाच वेळ मिळे. पुढे चोवीस तासांची कार्टून चॅनेल आली तरी आवडती मालिका ठरलेल्या वेळीच लागे, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांनी तोच भाग पाहिलेला असे. मधल्या सुट्टीतले खेळ त्यातून जन्मायचे. ज्याचं त्याचं प्रोफाइल असलेल्या अ‍ॅपमध्ये हा सामायिक भाग नाही. ही उणीव कोणत्याही सेटिंगनं भरून निघत नाही आणि आम्हाला ती सगळ्यात मोठी वाटते.

आता मांडणी. अ‍ॅपमध्ये तीन वयोगट आहेत : चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ, नऊ ते बारा. तिन्हींत व्हिडिओंची चाळणी बहुतांशी संगणकच करतो. ओळखीच्या कार्टून पात्रांच्या नावाखाली भीतिदायक, विकृत व्हिडिओ या चाळणीतून सुटून मुलांपर्यंत पोचले होते. २०१७ मध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला. नंतर नियम कडक झाले, तरी चाळणी शंभर टक्के अचूक नाही हे कंपनीही सांगते. म्हणून लहान मुलांसाठी चौथा पर्याय घ्या : आशय स्वतः मंजूर करणं.

त्यासाठी आधी पालकाच्या खात्यानं साइन-इन करावं लागतं. त्याशिवाय हा पर्याय मिळत नाही. कोपऱ्यातल्या कुलपाच्या चिन्हावर टॅप करा, सेटिंग्ज उघडा, मुलाचं प्रोफाइल निवडा आणि आशयाच्या सेटिंगमध्ये हा पर्याय लावा. मग एकेक व्हिडिओ, चॅनेल किंवा तयार संग्रह मंजूर करता येतो. सर्च आपोआप बंद होतो. चूक होते ती चॅनेल मंजूर करताना : पुढे काय दिसणार हे मग चॅनेलवाला ठरवतो. सुरुवातीला दहा-बारा सुटे भाग पुरेत. पुनरावृत्तीची काळजी नको, या वयाला ती हवीच असते. दोन मुलं असतील तर दोन्ही प्रोफाइलं वेगवेगळी लावा.

कुलूप उघडायला अ‍ॅप गुणाकार विचारतं. पाढे येणारं मूल तो चुटकीसरशी सोडवतं, तेव्हा स्वतःचा पासकोड ठेवा.

भाग निवडताना आवाज बंद करून दोन मिनिटं पाहा. दृश्य दर दोन-तीन सेकंदांनी बदलत असेल तर सोडून द्या. २०११ च्या एका प्रयोगात चार वर्षांच्या मुलांनी नऊ मिनिटं वेगवान, अद्भुत घटनांचं कार्टून पाहिलं. त्यानंतर लगेच दिलेल्या, स्वतःवर ताबा ठेवायला लावणाऱ्या कामांत ही मुलं चित्रं काढत बसलेल्या मुलांपेक्षा मागे पडली. परिणाम किती टिकतो हे त्या प्रयोगानं तपासलं नव्हतं, पण जेवायच्या किंवा झोपायच्या आधी काय लावू नये हे ठरवायला तो पुरेसा आहे.

टायमर कुलपाच्या चिन्हामागेच आहे. तो मिनिटं मोजतो, गोष्ट मोजत नाही. बारा मिनिटांचे दोन भाग दाखवायचे आणि टायमर वीस मिनिटांवर, तर दुसरा भाग ऐन रंगात तुटतो आणि रडारड होते. आधी भाग ठरवा, त्यांची लांबी मिळवा, वर दोन मिनिटं धरा. ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं, २०२१ पासून मुळात बंद असतो. कुणी चालू केला नाही ना, एवढं बघा. पाहण्याचा इतिहासही थांबवून ठेवा, नाहीतर एका ट्रॅक्टरच्या व्हिडिओमागून ट्रॅक्टरच येत राहतात.

जाहिरातींबाबत मात्र आम्ही नाराज आहोत. पैसे भरून सदस्यत्व घेतलं तर जाहिराती जातात, पण खेळण्यांची खोकी उघडून दाखवणारे व्हिडिओ, कंपन्यांच्या स्वतःच्या चॅनेलवरचे व्हिडिओ या हिशेबात जाहिरात धरलेच जात नाहीत. खेळणी विकण्यासाठी मालिका काढण्याची चाल १९८० च्या दशकातल्या अमेरिकी टीव्हीनं रुळवली होती. तेव्हा निदान त्यात कथा असे. असा व्हिडिओ दिसला की त्याच्या तीन टिंबांवर टॅप करून पूर्ण चॅनेलच ब्लॉक करा.

दोन वर्षांखालच्या मुलासाठी हे अ‍ॅप घेऊच नका. या वयात पडद्यावर पाहिलेलं प्रत्यक्षात वापरणं फारसं जमत नाही, समोरच्या माणसाकडून मुलं ते कितीतरी चटकन शिकतात. दोन ते चार वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, त्याहून कमी असेल तर उत्तम.

आणि शक्य असेल तर फोनऐवजी टीव्हीवर लावा. फोन एकाच्या हातात असतो. टीव्हीसमोर भावंडं आणि मोठी माणसं बसू शकतात, पुढचा व्हिडिओ बोटाखाली नसतो आणि ‘आता तो काय करेल?’ असं कुणीतरी विचारू शकतं. भाग संपला की टीव्ही पूर्ण बंद करा. तो मागे नुसता चालू राहिला तरी लहान मुलांचा खेळ वारंवार तुटतो आणि घरातली माणसं त्यांच्याशी कमी बोलतात.