सारणीतला रुपया आणि गावातला रुपया
गोव्यातल्या सत्तरी किंवा डिचोली तालुक्यात एखादा प्रकल्प आला, तर त्याचा परिसराला किती लाभ होईल, हे मोजण्याच्या दोन पद्धती येथे विचारात घेतल्या आहेत. पहिली अर्थतज्ज्ञ वासिली लिऑन्टिएफ यांची आदान-प्रदान सारणी, म्हणजे एक उद्योग दुसऱ्याकडून किती माल घेतो याचा तक्ता, जिच्यासाठी त्यांना 1973 मध्ये नोबेल मिळाले. दुसरी, गावात आलेला रुपया पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत कुठे खर्च होतो, हे दारोदार विचारून काढण्याची.

सारणीचे बळ तिच्या व्याप्तीत आहे. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा खनिज वाहणारे ट्रक आणि बार्ज (मालवाहू नौका) तर उभे राहिलेच, पण त्यामागोमाग गॅरेज, टायरची दुकाने आणि चहाचे गाडेही ओस पडले; ही साखळी सारणीतून स्पष्ट दिसते. मात्र ती उत्पादनाची प्रमाणे (कुठल्या मालाला कशाचा किती वापर लागतो) स्थिर धरते, आणि देशाच्या आकड्यांवरून तालुक्याचे आकडे काढताना बाहेर जाणारा पैसा बहुधा कमी दिसतो.

दुसरी पद्धत नेमकी ही गळती पकडते. होमस्टेच्या ताटातली भाजी बेळगावहून आली, तर पाहुण्याच्या पैशातला तो वाटा चोर्ला घाट चढून निघून जातो. फेणी गावच्या भट्टीवर गाळलेली असेल, तर तोच पैसा काजूची बोंडे वेचणाऱ्या बाईपर्यंत पोहोचतो. अर्थात, हिशेबाची वही दाखवायला दुकानदार सहजी राजी होत नाहीत, हा भाग वेगळा.

विहीर आटली किंवा शेतात खनिजाचा गाळ साचला, याची नोंद दोन्हींत आपोआप होत नाही. तालुक्यापुरते बोलायचे तर मी दुसरी पद्धत घेईन आणि पाण्याचा हिशेब स्वतंत्र मांडेन. राज्याच्या अर्थसंकल्पासाठी मात्र सारणीच अधिक उपयोगी आहे.