सीमाभागातील नोकरभरती आणि पूर्वपडताळणी सेवा : दीड वर्षाचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात आमचा यंत्रांचे सुटे भाग तयार करण्याचा कारखाना आहे. दीड वर्षापूर्वी एका मोठ्या ग्राहक कंपनीने अट घातली की, नव्याने घेतलेल्या प्रत्येक माणसाच्या पूर्वपडताळणीचा, म्हणजे शिक्षण, आधीची नोकरी, पत्ता आणि न्यायालयीन नोंदी यांच्या तपासणीचा, अहवाल आमच्या दप्तरी असला पाहिजे. तोवर आमच्याकडे भरती ओळखीपाळखीवर होत असे. अट पाळण्यासाठी आम्ही बाहेरगावच्या एका एजन्सीची सेवा घेतली. भरतीचे काम माझ्याकडे असल्यामुळे तिचे सगळे अहवाल मी ओळ न् ओळ वाचलेले आहेत.

जे चांगले आहे ते आधी सांगतो. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींची तपासणी ही एजन्सी दोन दिवसांत आणि बिनचूक करते. उमेदवाराच्या यूएएन क्रमांकावरून (नोकरी बदलली तरी कायम राहणारा निधीचा खाते क्रमांक) त्याने कोठे, केव्हापासून केव्हापर्यंत काम केले हे समजते आणि बनावट अनुभवपत्र तिथेच उघडे पडते. मात्र हा अहवाल वाचणाऱ्याला उद्यमबाग माहीत असावी लागते. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सहसा लागू होत नाही, आणि आमच्या आसपासची कितीतरी वर्कशॉप आठ-दहा माणसांवरच चालतात. एका टर्नरने तीन वर्षांचा अनुभव लिहिला होता आणि नोंद अकरा महिन्यांचीच निघाली. अहवालात ‘अनुभवात तफावत’ असा शेरा होता. मी त्याच्या जुन्या मालकांना फोन केला, तेव्हा उरलेली दोन वर्षे तो त्यांच्याच लेथवर उभा होता हे कळले. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला असल्यासारखा दिसतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

शैक्षणिक कागदपत्रांच्या बाबतीत सेवा मध्यम दर्जाची वाटली. 2009 साली पदवी घेतलेल्या एका उमेदवाराची चौकशी एजन्सीने राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे पाठवली. हे विद्यापीठ 2010 साली स्थापन झाले, त्याआधी बेळगावची महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न होती. मी ही चूक दाखवून देईपर्यंत तीन आठवडे वाया गेले आणि तो उमेदवार हातातली नोकरी सोडावी की नाही या विवंचनेत राहिला.

खरी अडचण नावांची आहे. आमच्याकडे बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतली मुले येतात, तशीच पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलीही येतात. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि मधले नाव वडिलांचे असते. कर्नाटकातल्या दहावीच्या गुणपत्रिकेत आई-वडिलांची नावे वेगळ्या रकान्यांत असतात. शिवाय कर्नाटकात ‘ज्योती’, ‘मारुती’, ‘सविता’ ही नावे रोमन अक्षरांत लिहिताना टीच्या पुढे एच लावण्याची रीत आहे, महाराष्ट्रात ती नाही. दहावी चंदगडातल्या शिनोळीकडे आणि आयटीआय बेळगावात, असे शिकलेल्या मुलाच्या दोन कागदांवर एकच नाव दोन तऱ्हांनी येणे स्वाभाविक आहे. एजन्सीची प्रणाली त्यावर पिवळी, म्हणजे शंकेची, खूण करते. 1 नोव्हेंबर 2014 रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. जुन्या कागदांवरचे आणि नव्या आधारकार्डावरचे शहराचे नाव वेगळे दिसते, तेवढ्यावरूनसुद्धा एका अहवालात ‘पत्ता जुळत नाही’ असे लिहून आले.

न्यायालयीन नोंदींच्या तपासणीने तर मला फार अस्वस्थ केले. स्टोअरकीपरच्या जागेसाठी निवडलेल्या एका तरुणाच्या अहवालावर लाल खूण होती : फौजदारी खटला प्रलंबित. हा शोध पक्षकाराच्या नावावरून घेतलेला होता, आणि आमच्या भागात एकाच नाव-आडनावाची माणसे गावागणिक सापडतात. त्या तरुणाला बोलावून मी कागद त्याच्यापुढे ठेवला. तो बराच वेळ वाचत राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, “साहेब, हा मी नव्हे. माझ्या वडिलांचं नाव यात कुठंच नाही.” आमच्या वकिलांनी मूळ कागद पाहिले, तेव्हा आरोपीचे गाव, वय आणि वडिलांचे नाव, तिन्ही वेगळी निघाली. एजन्सीला कळवल्यावर खूण हिरवी झाली, परंतु दिलगिरीचा एक शब्दही आला नाही. मी त्याला बोलावले नसते, तर आपल्याला का नाकारले हे त्याला कधी कळलेच नसते.

याला जोडूनच सीमाभागातली एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. इथल्या अनेक मराठी तरुणांवर सीमाप्रश्नावरून 1 नोव्हेंबरला पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत किंवा एखाद्या मोर्चात सामील झाल्याबद्दल गुन्हे नोंदवले गेले आहेत. अहवालात अशा गुन्ह्याची आणि चोरीची लाल खूण एकसारखीच असते. गुन्हा दाखल होणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, आणि स्टोअरच्या किल्ल्या कोणाच्या हाती द्याव्यात या प्रश्नाशी मोर्चाचा काही संबंध नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कलम न वाचता रंग पाहून निर्णय घेणाऱ्या मालकांनी याचा जरूर विचार करावा.

घरच्या पत्त्याची तपासणीही समाधानकारक नव्हती. उचगावच्या बाजूच्या एका मुलाबद्दल ‘शेजाऱ्यांना उमेदवार माहीत नाही’ असा शेरा आला. चौकशी केली तेव्हा समजले की, तपासनीसाने समोरच्या कट्ट्यावर बसलेल्या आजीला मुलाचे कागदावरचे नाव विचारले होते. ती आजी त्याला लहानपणापासून बाळू म्हणूनच ओळखत होती.

संमतीच्या बाबतीत सुरुवातीला एजन्सीचा अर्ज एका ओळीचा होता आणि आधारकार्डाची पूर्ण प्रत मागत असे. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचा रोख असा आहे की, माहिती कशासाठी घेतली जाते हे माणसाला कळेल अशा भाषेत सांगावे. आमच्या आग्रहावरून अर्ज आता मराठीत आणि कन्नडमध्ये मिळतो व आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालते. एवढे ऐकून घेतल्याचे श्रेय एजन्सीला दिले पाहिजे.

कराराचे नूतनीकरण आम्ही केले आहे, पण निधीच्या नोंदी आणि शिक्षण या दोनच तपासण्यांपुरते. पोलीस दाखला उमेदवार स्वतः काढतो, कर्नाटकातला असेल तर तिथल्या सरकारच्या सेवा सिंधू या संकेतस्थळावरून आणि चंदगडचा असेल तर महाराष्ट्र पोलिसांकडून, आणि त्याची फी कंपनी भरते. कोणताही प्रतिकूल शेरा आला की उमेदवाराला त्याची प्रत देऊन उत्तरासाठी सात दिवस दिले जातात. पत्त्यासाठी आमचे जुने सुपरवायझर सुटीच्या दिवशी गावात जाऊन येतात. ते मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे बोलू शकतात, आणि घरातले नाव आधी विचारतात.