एफआरआर: ओएसपीएफ-रिप रीडिस्ट्रिब्यूशनमधला लूप थांबवायला कसं आहे?

एफआरआर म्हणजे एफआरराउटिंग, लिनक्सवर चालणारं ओपन सोर्स राउटिंग सॉफ्टवेअर, क्वागामधून फुटून निघालेलं. बरेच जण ते बीजीपीसाठी (इंटरनेटवरच्या मोठ्या नेटवर्कांमधला राउटिंग प्रोटोकॉल) घेतात पण मी इथे एकाच कामाबद्दल लिहितोय, ओएसपीएफ आणि रिप या दोन राउटिंग प्रोटोकॉलमधे एकाचे रूट दुसऱ्याला (म्हणजेच रीडिस्ट्रिब्यूशन) दोन्ही बाजूंनी द्यायचे असतील तर लूप अडवता येतो का. येतो, आणि फार छान येतो, फक्त आपोआप काही होत नाही हे धरूनच चला.

बॉर्डरवर, म्हणजे हे दोन प्रोटोकॉल जिथे जोडले जातात तिथे, एकच राउटर असेल तर विशेष टेन्शन नाही. दोन असले की त्रास सुरू. रिपचा रूट पहिल्याने ओएसपीएफमधे टाकला, तो फिरून दुसऱ्याकडे पोचला, त्याच्याकडे तोच रूट रिपमधूनही आलेला असतो पण रिपचा डिस्टन्स (आकडा कमी तेवढा भरवसा जास्त) १२० आणि ओएसपीएफचा ११०, मग तो ओएसपीएफवाला टेबलमधे घेतो आणि परत रिपमधे सोडतो, तेही कोऱ्या मेट्रिकने (अंतराच्या मोजणीने). आतल्या राउटरला हा रस्ता खऱ्यापेक्षा जवळचा दिसला की पॅकेट उलटं वळतं आणि टीटीएल (पॅकेटला किती हॉप चालेल याची मर्यादा) संपेपर्यंत गोल गोल फिरतं. मूळ नेटवर्क बंद पडलं तरी रूट मरत नाही कारण दोघं तो एकमेकांना शिकवत बसतात, आणि १६ हॉपला रूट मेला हा रिपचा नियमही इथे लंगडा पडतो, कारण प्रत्येक फेरीत मोजणी नव्याने सुरू होते.

यावर एफआरआरमधे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे टॅग, रूटला चिकटवलेला खुणेचा आकडा. रिपमधून ओएसपीएफमधे जाणाऱ्या रूटला रूट-मॅपमधे (रूट गाळायच्या, बदलायच्या नियमांची यादी) टॅग १२० लावायचा आणि ओएसपीएफमधून रिपमधे येताना १२० टॅगवाला रूट डिनाय करायचा (अडवायचा), उलट्या दिशेला ११० घेऊन तेच, आणि हे दोन्ही बॉर्डरवर. प्रीफिक्सच्या (नेटवर्कच्या पत्त्यांच्या) याद्या सांभाळायची कटकट नाही, उद्या नवीन सबनेट आला तरी कॉन्फिगला हात लावावा लागत नाही. ओएसपीएफचा टॅग ३२ बिटचा आणि रिप व्हर्जन २ चा १६ बिटचाच, त्यामुळे आकडा ६५५३५ च्या आतच ठेवा. रिप व्हर्जन १ मधे टॅगला जागाच नाही, तिथे हा उपाय विसरा.

पण नुसत्या टॅगवर थांबू नका प्लीज. टॅग रूट परत घुसू देत नाही, पण दुसरा बॉर्डर राउटर रिपच्या नेटवर्ककडे अजूनही ओएसपीएफमधून लांबचा फेरा मारूनच जातो. त्यासाठी ओएसपीएफच्या एक्सटर्नल (बाहेरून आत घेतलेल्या) रूटचा डिस्टन्स वेगळा देता येतो, तो १२५ केला की रिपचा थेट रस्ता जिंकतो. मात्र ओएसपीएफमधे दुसरीकडून आलेले एक्सटर्नल असतील, समजा रीडिस्ट्रिब्यूट केलेले स्टॅटिक (हाताने लिहिलेले रूट), तर तेही रिपमधून फिरून आले की १२० ने जिंकतील आणि तोच घोळ उलट्या बाजूने होईल. तिथे १२५ नको, त्याऐवजी रिपच्या स्वतःच्या प्रीफिक्सची ॲक्सेस-लिस्ट लावून फक्त तेवढ्यांचा डिस्टन्स ११० च्या खाली आणा, रिपमधे ती सोय आहे. इथे मात्र याद्या ठेवाव्याच लागतात, इलाज नाही.

तपासायला सोपं आहे, 'शो आयपी रिप' मधे टॅगचा वेगळा कॉलमच आहे आणि ओएसपीएफच्या एक्सटर्नल डेटाबेसमधेही टॅग दिसतो, म्हणजे रूट कुठून आला याचा अंदाज बांधत बसायला नको.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. मॅन्युअल एकेक कमांड समजावतं, दोन बॉर्डरचं अख्खं चित्र स्वतःच जुळवावं लागतं. आणि रूट-मॅपच्या शेवटी न दिसणारा डिनाय असतो, डिनायनंतर परमिटची (परवानगीची) ओळ लिहायची राहून गेली तर सगळेच रूट गायब होतात, नवीन माणूस तिथे हमखास अडकतो.

माझ्याकडून ५ पैकी ४. लॅबमधे लावलंत तर एक बॉर्डर बंद करून मूळ नेटवर्कही पाडा, मग बॉर्डर परत चालू करा आणि मेलेला रूट कुठे उगवतोय का ते दोन्हीकडच्या टेबलमधे बघा.